घराची बाहेरची बाजू

मानवजातीच्या इतिहासात राजे आले नि गेले, भाषा उगवल्या नि मावळल्या, धर्म बदलले, नद्यांनी पात्रं बदलली. टिकली ती एकच गोष्ट, वास्तू. वास्तू म्हणजे माणसाने काळाला दिलेला रोखठोक जबाब. नाफडे मास्तरांच्या वास्तूला फक्त बाहेरची बाजू नव्हती.

आतली बाजू होती आणि ती चांगली होती. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, डाव्या हाताला मास्तरांची झोपायची खोली आणि उजव्या हाताला लेकीची, हेमांगीची. भिंती सरळ होत्या, नळाला पाणी होतं, खिडक्या न कुरकुरता उघडत होत्या. पण दार उघडून रस्त्यावर यावं आणि सहज मागे वळून बघावं, तर तिथे रिकामा प्लॉट. काळी माती, मळकं गवत, कोपऱ्यात बोरीचं झुडूप. आणि प्लॉटच्या पुढच्या कडेला, दाराची चौकट जिथे असायला हवी होती तिथे, हवेत लटकलेली एक काळी बाहुली.

बाहुलीमुळे सोय होती. बाजारातून आल्यावर मास्तर तिच्या खाली येऊन उभे राहत, पिशवी डाव्या हातात घेत आणि उजवा हात पुढे करत. कडी बरोबर हाताला लागे. आत गेले की मास्तर दिसेनासे होत. कॉलनीला त्याचं काही वाटत नसे. कॉलनीत आत गेलेली माणसं दिसत नाहीतच.

अडचण दुसरीच होती. प्लॉट रिकामा दिसत असल्यामुळे लोक त्याचा उपयोग करत. शेजारच्या भोळे वहिनी बैठकीच्या खोलीत जुनं लुगडं अंथरून कुरडया वाळत घालत. त्या भिंतीतून येत आणि भिंतीतूनच जात. मास्तर खुर्चीत बसलेले असत, वहिनी त्यांच्या पायाशी वाकून कुरडया उलटत आणि स्वतःशीच बोलत, "ऊन काय छान लागतं बाई इथे." मास्तर पाय वर घेत. पहिल्या दिवशी त्यांनी "बसा ना वहिनी" म्हणून पाहिलं. आतला आवाज बाहेर जात नाही हे त्यांना तेव्हा कळलं.

त्यांनी कॉन्ट्रॅक्टर इंगळ्यांना बोलावलं. इंगळे रस्त्यावर उभे राहिले आणि कमरेवर हात ठेवून रिकाम्या प्लॉटकडे समाधानाने बघू लागले.

"काम मस्त झालंय मास्तर."

"दिसत नाही पण."

"दिसायचं माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे आतलं होतं. बाहेरचं तुम्ही निवडायचं होतं. चारदा विचारलं मी तुम्हाला."

"मी म्हटलं ना, तुम्हाला बरं दिसेल ते करा."

"तसं चालत नाही. आत कसं राहायचं ते मिस्त्रीसुद्धा ठरवू शकतो. बाहेरून कसं दिसायचं ते ज्याचं त्याला ठरवावं लागतं." मग त्यांची नजर वर गेली. "आणि ही कधी टांगली?"

"प्लॉट ताब्यात आला त्या दिवशी."

इंगळ्यांनी जीभ दातांखाली धरली. "भिंती तरी वर येऊ द्यायच्या होत्या! बाहुली कशाला टांगतात? बघणाऱ्याने तिच्याकडे बघावं, घराकडे बघू नये म्हणून. तुम्ही घर नसतानाच तिला कामाला लावलीत. तिने आपलं काम केलं."

"मग आता?"

"काढा ती. आणि त्या हुकावर एक झकास एलिव्हेशन, म्हणजे घराचा दर्शनी चेहरा, चढवा. खटावकर बाईंचा नंबर देतो."

मास्तरांनी नंबर घेतला. बाहुली तिथेच राहू दिली.

ती मास्तरांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी केलेली होती. मोडलेल्या छत्रीच्या कापडाची, आत जुना कापूस आणि डोळ्यांच्या जागी मास्तरांच्या सदऱ्याची दोन पांढरी बटणं. तेव्हा घराचा पत्ता नव्हता, प्लॉटचा नव्हता, विचारही नव्हता. मास्तर म्हणजे स्टेशनमास्तर, त्यांची सगळी नोकरी लहान लहान स्टेशनांवर झाली. तिथली सगळी क्वार्टर्स एकसारखी पिवळी. काळ्या रंगात नंबर काढलेला तेवढा निराळा. एकदा तर मास्तर ड्यूटीवरून दमून आले, हातपाय धुऊन पानावर बसले, आणि अर्धं जेवण झाल्यावर आमटी गोड लागली म्हणून त्यांनी मान वर केली. वाढणाऱ्या बाई सिग्नलवाल्या तडव्यांच्या होत्या. त्यांनीही तोवर मान वर केली नव्हती. असल्या क्वार्टरात बसून प्रमिलाबाईंनी बाहुली शिवली आणि पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी घालून ठेवली. "घर व्हायचं तेव्हा होईल," त्या म्हणाल्या होत्या, "हिची तयारी असू दे." बाहुली प्रत्येक बदलीला बरोबर हिंडली. प्रमिलाबाई शेवटच्या बदलीपर्यंत पोचल्या नाहीत.

त्यानंतर हेमांगी आली नव्हती. ती लग्न होऊन कोइमतूरला गेलेली, तिथल्या कॉलेजात शिकवणारी. मास्तर निवृत्त झाल्यावर एकदा फोनवर हसत म्हणाली, "येऊ कुठे बाबा? क्वार्टर तर सोडलंत तुम्ही. माहेर म्हणून कुठलं दार वाजवू?" ती सहज बोलली आणि विसरली. मास्तरांनी त्या वाक्यावर घर बांधलं. आता वास्तुशांतीला ती येणार होती, एकटीच, बघायला. आवडलं तर सुट्टीत मुलांना घेऊन येईन, असं म्हणाली होती. प्रत्येक फोनला तिचा एकच प्रश्न असे.

"बाहेरून कसं दिसतं?"

"आहे साधंच," मास्तर म्हणत.

"फोटो पाठवा ना."

मास्तरांनी एकदा पाठवला. "बाबा, यात नुसतं गवत आहे," तिने कळवलं. "जरा मागे जाऊन काढा."

खटावकर बाई टेम्पो घेऊन आल्या. टेम्पोत एलिव्हेशन्स होती, सतरंज्यांसारखी गुंडाळी करून सुतळीने बांधलेली. बाईंनी चष्मा डोक्यावर सारला आणि प्लॉटवर एकेक गुंडाळी फडाफडा उलगडायला सुरुवात केली. साडीच्या दुकानात उलगडतात तशी, गिऱ्हाइकाला नाही म्हणायला संकोच वाटेपर्यंत.

"मला एक साधं हवं होतं," मास्तर म्हणाले. "वर त्रिकोणी छप्पर, मधे दार, दोन बाजूंना दोन खिडक्या. दारापासून वळत गेलेली वाट. आमची हेमा पहिलीत असताना काढायची तसं."

"मागे दोन डोंगर आणि मधे सूर्य?"

"तेच."

"ते सगळ्यांनाच हवं असतं काका. येत नाही आता. रोमन बघा. रोमनला मरण नाही."

त्यांनी मास्तरांच्या होकाराची वाट न बघता रोमन उचललं. चौकटीवर हवेत तीन हूक होते, मधल्यावर बाहुली. "हा अडलाय," बाई म्हणाल्या. "आत्ता कडेच्या दोन्हींवर टांगते. अंगावर लावून बघायला चालेल. पक्कं करायचं तर मधला लागतो."

रोमन टांगलं आणि घर दिसलं. चार जाडजूड खांब, त्यांच्या माथ्यावर फुलकोबीसारखी नक्षी, दाराशी दोन सिंह आणि सिंहांच्या बरोबर मधे बाहुली. मास्तर रस्त्यापलीकडे जाऊन बघून आले. बरं वाटलं. ते आत जाऊन बसतात तोच बेल वाजली. नव्या घराची पहिलीच बेल.

दारात भरजरी कपड्यातली वीसेक माणसं होती. "हॉल हाच ना?" असं विचारून ती उत्तराआधी आत आली, पायातल्या जोड्यांसकट. साखरपुडा होता. सनईवाला स्वयंपाकघराच्या दाराशी बसला, मुलगी हेमांगीच्या खोलीत जाऊन तयार झाली. एका गृहस्थांनी मास्तरांना दंडाला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं आणि हातात जिलबीची बशी दिली.

"काका, तुम्ही मुलाकडचे का मुलीकडचे?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "मुलीकडचा," ते म्हणाले.

"मग हसा की जरा. फोटो काढतायत."

मास्तर हसले. संध्याकाळी सगळे गेले. फरशीवर जोड्यांचे मातकट ठसे राहिले आणि खिडकीत एक अर्धी जिलबी. मास्तरांनी ठसे पुसले. मग त्यांना वाटलं, हेमा आली आणि त्याच वेळी इथे कोणाचं लग्न निघालं तर ती बाहेरच्या बाहेर जेवून निघून जाईल. त्यांनी बाईंना फोन केला.

बाईंनी रोमन दोन्ही हातांनी धरून हिसक्याने ओढलं. जखमेवरची पट्टी ओढतात तसा आवाज झाला. रोमन निघालं आणि त्याच्या पाठीला चिकटून मास्तरांची झोपायची खोली निघाली, पलंगासकट.

"खोली आली तुमच्याबरोबर," मास्तर म्हणाले.

"येते काका. प्लास्टर ओलं असतं नं." बाईंनी खोलीसकट रोमनची गुंडाळी केली आणि सुतळी बांधली.

दुसरं कोकणी. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, दाराशी झोपाळा. काळ्या मातीच्या मुलखात ते घर चुकीच्या स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यासारखं दिसत होतं. दुपारपर्यंत दोन गाड्या भरून माणसं आली. डोक्यावर टोप्या, पायात वाळूने भरलेल्या सपाता. सपाता घालूनच ती घरभर हिंडली.

"समुद्राकडची खोली मिळेल का?" त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं.

"समुद्र नाही हो इथे," मास्तर म्हणाले.

"मागे आहे की," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. मागे समुद्र होता. ओहोटी लागलेली होती. वहिनींचं कुरडयांचं लुगडं लांब ओल्या वाळूवर पडलं होतं आणि त्याच्या कडेने खेकडे सावकाश चालले होते. मास्तरांनी सगळ्यांना चहा करून दिला. पाहुण्यांनी चहा छान झाल्याचं एकमेकांना सांगितलं, मास्तरांना नाही, आणि जाताना सोलकढी मिळत नाही अशी तक्रार केली. त्या संध्याकाळी मास्तर झोपाळ्यावर बसले. झोपाळा दोघांच्या मापाचा होता. एकट्या माणसाच्या वजनाने तो तिरका चालत होता आणि दर झोक्याला जांभ्यावर घासत होता.

हेमाला माशांचा वास सहन होत नाही, हे त्यांना आठवलं. कोकणी गेलं, आणि त्याच्या पाठीला चिकटून स्वयंपाकघर गेलं, खिडकीतल्या समुद्रासह. टेम्पोमागे रस्ताभर पाणी ठिबकत गेलं.

आता बैठकीची खोली होती आणि हेमांगीची. मास्तरांनी स्टोव्ह बैठकीत आणला. भोळे वहिनी परत कुरडया घालू लागल्या होत्या, मास्तर त्यांना ओलांडून चहा ठेवत. हेमांगीच्या खोलीत मास्तर दिवसातून एकदा जात. नवी गादी, मच्छरदाणी, खिडकीत पाण्याचा तांब्या. चादर ओढून सरळ करत आणि दार लोटून घेत.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी बाईंनी तिसरं टांगलं. "मॉडर्न," त्या म्हणाल्या. "याला काही बोलायलाच जागा नाही." ती एक सबंध निळी काच होती, वरपासून खालपर्यंत. दार कुठे ते काचेलाच ठाऊक. काचेमुळे बाहुल्या दोन दिसत होत्या.

सकाळी माणसं आली आणि भिंतीला लागून ओळीने बसली. बूट घातलेली, हातात फायली घेतलेली, गप्प. मास्तर आपल्या खुर्चीत बसले तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने वळून विचारलं, "तुमचा कितवा नंबर?"

"माझं घर आहे हे."

"ते सगळ्यांचंच असतं हो. नंबर कितवा?"

मास्तर उठून काचेपाशी गेले. काच बाहेरून आरशासारखी होती. एक माणूस सायकलवरून उतरला, मास्तरांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर उभा राहिला, खिशातून कंगवा काढून त्याने भांग पाडला आणि मास्तरांच्या डोळ्यात डोळे घालून स्वतःकडे बघून समाधानाने हसला. मग एक बाई आल्या. त्यांनी ओठ बाजूला ओढून दातांत अडकलेलं काहीतरी काढलं, पदर सारखा केला आणि गेल्या. मास्तरांनी काचेवर टकटक केली. बाईंनी वळून आणखी एकदा पदर सारखा केला.

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, रिक्षात बसले स्टेशनवरून," हेमांगी म्हणाली. "एक गाडी आधीची मिळाली. बाहेरून कसं आहे ते सांगा, रिक्षावाला विचारतोय."

"सांगतो," मास्तर म्हणाले. "दोन मिनिटांत सांगतो."

खटावकर बाई रस्त्यावरच टेम्पोच्या पायरीवर बसून डबा खात होत्या. मास्तर धावत बाहेर आले.

"पक्कं करायचं ना?" बाईंनी डबा बंद केला. "ती बाहुली काढा, मधल्या हुकाला पकडते, विषय संपला. शिडी लावलेलीच आहे."

"आणि नको असेल तर?"

"तर काढते. पण काका, सांगून ठेवते, आता चिकटायला ती एकच खोली उरलीय."

मास्तर शिडी चढले. हेमांगीची खोली राहायला हवी होती. मुलगी दाराशी आल्यावर तिला टेकायला जागा नको? प्रमिलानेही हेच सांगितलं असतं. त्यांनी बाहुलीला हात घातला. इतकं निरखून त्यांनी तिला पूर्वी कधी बघितलं नव्हतं. छत्रीचं कापड उन्हाने करडं पडलं होतं. उजवं बटण डाव्यापेक्षा किंचित खाली होतं, त्यामुळे ती काहीतरी ऐकून घेतल्यासारखी दिसायची. पाठीला, शिवणीच्या शेवटी, सुई तशीच टोचलेली होती, ओवलेल्या दोऱ्यासकट. प्रमिलाबाई कुठलंही शिवण संपलं की सुई तिथेच टोचून ठेवत. उसवलं तर शोधायला नको. घरात ठिकठिकाणी सुया टोचत आणि मास्तर ओरडत. हेमा हसत असे.

काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता आणि त्याच्या मागे रिकामा रस्ता. हेमा या काचेपुढे उभी राहील, त्यांच्या मनात आलं, प्रवासात विस्कटलेले केस नीट करेल, आणि घर कुठे ते विचारायला पुढे जाईल.

ते खाली उतरले.

"काढा," ते म्हणाले.

"बाहुली?"

"काच."

बाईंनी काच धरून ओढली. काचेच्या पाठीला हेमांगीची खोली होती. मच्छरदाणी एकदा हवेत फुगली, तांब्यातलं पाणी हिंदकळलं आणि गुंडाळी झाली. भिंतीला लागून बसलेली माणसं आपापल्या फायली घेऊन टेम्पोत चढली. म्हातारा सगळ्यात शेवटी चढला. आपला नंबर आता आलाच होता, असं तो बाईंना सांगत होता.

मास्तर आत गेले आणि दार उघडं ठेवून उंबऱ्याच्या आत उभे राहिले. बैठकीची खोली तेवढी उरली होती. एक खुर्ची, स्टोव्ह, पत्र्याची ट्रंक. भोळे वहिनी भिंतीतून आल्या आणि लुगडं अंथरू लागल्या.

फोन पुन्हा वाजला. मास्तर तो हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. वाजून वाजून तो थांबला, आणि कोपऱ्यावर रिक्षा दिसली.

हेमांगी उतरली. तिच्या कपाळाजवळचे केस पांढरे झाले होते. फोनवर हे कधी कळलं नव्हतं. उतरून तिने इकडेतिकडे बघितलं.

"काकू, नाफडे मास्तरांचं घर कुठलं?"

वहिनींनी कुरडईचा हात झटकला. "मास्तर आहेत ग इथेच कुठेतरी. घर नाही झालं अजून, नुसता प्लॉट आहे. तू कोण, लेक का? उन्हात नको उभी राहू, ये माझ्याकडे बस."

"हेमा," मास्तर म्हणाले. आतला आवाज बाहेर जात नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा हाक मारली.

हेमांगीने वर बघितलं. बराच वेळ ती बाहुलीकडे बघत राहिली. मग पिशवी खांद्याला लावून चालत आली आणि बाहुलीच्या खाली थांबली, बरोबर उंबऱ्याच्या अलीकडे. आजवर त्या रिकाम्या प्लॉटवर मास्तरांखेरीज तिथे कोणी थांबलं नव्हतं. मास्तरांनी हात पुढे केला असता तर तिचा खांदा हाताला लागला असता. वाऱ्याने बाहुलीचं तोंड आत वळलं होतं. हेमांगीने हात वर करून तिला रस्त्याकडे सरळ केलं. तिचं बोट पाठीवरच्या सुईला लागलं, तेव्हा ती जराशी हसली आणि बोट तोंडात घातलं.

"ताई, थांबू का जाऊ?" रिक्षावाला म्हणाला. "इथे तर काहीच नाही."

ती वाकली. एक पाय उचलून चपलेचा पट्टा सोडवताना तोल जाऊ लागला, तसा तिने डावा हात बाजूला नेला आणि दाराच्या चौकटीवर टेकवला. चौकटीने तिला धरलं. मास्तर त्या हाताकडे बघत होते.

दोन्ही चपला हातात घेऊन ती अनवाणी उभी राहिली आणि मास्तरांच्या खांद्याच्या जरा डावीकडे बघत म्हणाली,

"बाबा, चपला कुठे ठेवू तेवढं सांगा."